शुक्रवारी धावपळ नको असेल तर शब्बाथची तयारी अशी करा

शब्बाथ, म्हणजे कामं बंद ठेवून विसावा घ्यायचा देवाचा दिवस, नव्यानं पाळायला लागलेली ख्रिस्ती घरं पहिलं हेच विचारतात, शनिवारी स्वयंपाक नाही तर खायचं काय? खायचं भरपूर आहे हो, आपल्या बेळगावकडं तर शिळं चांगलं लागणारं खाणंच जास्त. खरी अडचण शुक्रवारची असतीय.

शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळला की लागतो आणि शनिवारी मावळला की संपतो. आपल्याकडं जून-जुलैत सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो, नोव्हेंबरात सहाच्या आसपासच, म्हणजे तासाभराचा फरक पडतोय, आणि पावसाळ्याच्या सवयीनं दिवाळीनंतर साडेपाचला निवांत कुकर लावायला गेलात की संपलंच. म्हणून शुक्रवारला तयारीचा दिवस म्हणत असले तरी निम्मं काम बुधवार-गुरुवारीच उरका. शुक्रवारी दुपारनंतर भात, एखादी भाजी आणि सगळ्यांच्या आंघोळी, एवढंच राहिलं पाहिजे.

धुणं बुधवारी, किंवा तुमच्या गल्लीत पाणी सोडतात त्या दिवशी. पावसाळ्यात जाड कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, त्यामुळं चर्चला घालायचे कपडे आधी धुवा आणि इस्त्री गुरुवारी रात्रीच करा, शुक्रवारी संध्याकाळी ऐनवेळी करंट गेला तर कुणाला सांगणार. बाजारही गुरुवारीच, गणपत गल्लीतनं भाजी आणि खडेबाजारातनं बाकीचं एकाच फेरीत होतंय. गॅस सिलिंडर हलवून बघायचं विसरू नका. पोरांची शनिवारी सकाळची शाळा असती, त्याचं आधीच मास्तरांशी बोलून ठेवा, दर शुक्रवारी रात्री तो विषय घरात नको.

आता खाणं. मटकी गुरुवारी सकाळी भिजत घाला, रात्री फडक्यात बांधून ठेवा, शुक्रवारी दुपारपर्यंत मस्त मोड येतात. उसळीत ओलं खोबरं घालू नका, उन्हाळ्यात रात्रीतच आंबतंय. त्याऐवजी शेंगदाण्याचं कूट आणि चिंच घाला, दुसऱ्या दिवशी उलट जास्त मुरती. भरली वांगी पण तशीच. भाकरी कडक करायची, ज्वारीची, एकदम पातळ थापून तव्यावर फडक्यानं दाबत दाबत पापडासारखी होईपर्यंत भाजायची, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायची नाहीतर वाफ धरून मऊ पडती. बुधवारी केली तरी चालती. येत नसेल तर विकत आणा, त्यात काही कमीपणा नाही. सोबत शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी आणि कच्चा कांदा.

दहीबुत्तीला, म्हणजे दहीभाताला, मात्र थोडं लक्ष लागतंय. भात मऊ शिजवून गरम असतानाच पळीनं घोटा, त्यात कोमट दूध भरपूर घाला, इतकं की पातळ वाटलं पाहिजे कारण भात रात्रभर ओढून घेतोय, आणि गार झाल्यावर दही एक चमचाच. जास्त दही घातलं की शनिवारी दुपारी तोंडात घालवत नाही. मीठ आणि फोडणी सूर्य मावळायच्या आत करून वेगळ्या वाटीत झाकून ठेवा, जेवताना वरनं घाला. गोडाला कुंदा किंवा गोकाकचं करदंट असलं की काम झालं, गोड करत बसायची काय गरज?

गरम करून खायला आम्हा ख्रिस्ती लोकांत हरकत नाही. धर्म काटेकोर पाळणारे ज्यू लोक मात्र शब्बाथला आग पेटवतच नाहीत. कोकणातले बेने इस्राएल ज्यू तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे, म्हणजे आपल्या मराठी मुलखाला हे काही नवीन नाही.

एक गोष्ट मी हट्टानं सांगते. पाहुणे येणार म्हणून पाच-सहा पदार्थ करू नका. घरातली बाई शुक्रवारी रात्री कंबर धरून बसली तर तो विसावा कुणाचा झाला? दहा आज्ञांतल्या शब्बाथच्या आज्ञेत तर मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरंसुद्धा आहेत, म्हणून भांडीवाल्या मावशींना शनिवारी सुट्टी द्या, पगार न कापता. घरात म्हैस असेल तर धार काढायलाच लागती, शब्बाथच्या दिवशी विहिरीत पडलेला बैल कोण वर काढणार नाही असं येशूनंच विचारलंय, पण गोठा झाडणं आणि वैरण कापणं शुक्रवारी उरकता येतंय.

सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी झाडू, फोन चार्जिंग आणि बायबल-गीतांची पुस्तकं पिशवीत. शनिवारची खरकटी भांडी टबात पाणी घालून ठेवा, घासायची ती दिवस मावळल्यावर. उरलेली दहीबुत्ती त्याच रात्री संपवा. कडक भाकरी उरली तर डबा घट्ट लावा, सोमवारी पोरांच्या टिफिनला होती.