पहिल्या वर्षाला या चुका टाळा

पहिल्या चाचणीचे पेपर वाटले, की पुढच्याच आठवड्यात मागचे बाक रिकामे दिसू लागतात. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवताना हे मी दरवर्षी बघते. कमी मार्क पडले म्हणून तोंड लपवणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

एका मुलीला गणितात वीसपैकी चार मिळाले. ती तासाला येईनाशी झाली. "मागचं भरून काढते, मग येते," असा मैत्रिणीबरोबर निरोप. पण तास तिच्यासाठी थांबणार थोडेच? मागचं होईपर्यंत पुढचं साचलं, मग संकोचाने बाकीचे तासही सुटले, असाइनमेंट राहिल्या. नाव काढून घ्यायला ती ऑफिसात आली, तेव्हा मी तिला गाठलं. पेपर उघडून बसलो. अडलं होतं एवढंच: कंस सोडवताना बाहेरचं वजा चिन्ह ती फक्त पहिल्या पदाला लावत होती. अर्ध्या तासाचं काम! तिचं ते वर्ष मात्र गेलं.

म्हणून मी सांगते, कमी मार्कांचा पेपर घेऊन त्याच आठवड्यात शिक्षकांकडे जा. "काहीच कळत नाही" म्हणू नका. "इथपर्यंत कळलं, इथे अडलं" असं ओळीवर बोट ठेवून दाखवा.

दुसरी चूक: नोट्स पुन्हा पुन्हा वाचणं. डोळ्यांना ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे. मी मुलांना वही मिटून कोऱ्या कागदावर लिहायला लावते. फळ्याचे फोटो काढून अभ्यास झाला म्हणणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. त्याला दुसरा उपाय नाही.

एकट्याने अभ्यास करणं हीच मेहनत, असं समजू नका. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गणितज्ञ युरी ट्रीस्मन यांना दिसलं, की कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारी कितीतरी मुलं कष्टाळू होती, पण एकेकटी अभ्यास करत होती. अवघड गणितं गटाने सोडवायला बसवल्यावर निकाल सुधारले.

रात्रभर जागून परीक्षेला जाऊ नका.

पहिल्याच महिन्यात चार-चार क्लबांत नाव घालू नका. एक पुरे.

फीची अडचण असेल तर मुदत टळण्याआधी ऑफिसात बोला. हप्ते, सवलत, शिष्यवृत्ती, जे काही असेल ते आधी विचारणाऱ्यालाच मिळण्याची शक्यता जास्त.