आयपी फोन अडला, तर आधी पडदा वाचा

महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात वीज जाऊन परत आली की टेबलांवरचे सगळे आयपी फोन (ऑफिसच्या नेटवर्कवरून चालणारे फोन) एकदम सुरू होऊ लागतात. बहुतेक थोड्याच वेळात कामाला लागतात, एखादा मात्र अडून बसतो. अशा वेळी लगेच फॅक्टरी रीसेट करू नका. त्याने सेटिंग पुसलं जातं आणि मूळ दोष तसाच राहतो. हे फोन ठरलेल्या क्रमाने सुरू होतात, आणि आपण कुठल्या पायरीवर थांबलो हे बहुधा पडद्यावर दाखवतात. त्याच क्रमाने तपासत गेलं, तर बऱ्याच तक्रारी आयटीवाल्याला न बोलावता सुटतात.

आधी वीज. ऑफिसातल्या फोनला सहसा अडॅप्टर नसतो, नेटवर्कच्या केबलमधूनच वीज येते. याला पीओई म्हणतात. २००३ सालच्या ८०२.३एएफ मानकाप्रमाणे स्विचचा (यंत्रं नेटवर्कला जोडणाऱ्या पेटीचा) एक पोर्ट (केबल लावायची खाच) १५.४ वॅटपर्यंत वीज देतो. पडदा काळाच असेल, तर शेजारच्या चालू फोनची केबल लावून पाहा. फोन उठला, म्हणजे दोष केबलमध्ये, भिंतीवरच्या पॉइंटमध्ये किंवा स्विचच्या पोर्टमध्ये आहे. त्याच्याही आधी फोनची मागची बाजू बघा. तिथे दोन पोर्ट असतात, एक नेटवर्कचा आणि एक कॉम्प्युटरचा. टेबल सरकवताना केबलींची अदलाबदल झाली तर फोनला वीजच मिळत नाही. आणखी एक गोष्ट: स्विच सगळ्या पोर्टना मिळून ठरावीकच वीज देऊ शकतो. त्याच स्विचवर नवे कॅमेरे चढवले, तर काही फोन उपाशी राहू शकतात.

वीज मिळाली की फोन आपल्या मेमरीतलं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) चालू करतो. इथे आपलं काम फक्त थांबण्याचं. अपडेट चालू असताना केबल ओढली, तर फोन कायमचा निकामी होऊ शकतो.

पुढची पायरी व्हीलॅनची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. एकाच केबलवरून फोन आणि त्याच्या मागे जोडलेला कॉम्प्युटर असे दोघे चालतात, पण दोघांची नेटवर्कं वेगळी ठेवलेली असतात. अशा प्रत्येक वेगळ्या नेटवर्काला व्हीलॅन म्हणतात. आवाजाचं नेटवर्क कुठल्या क्रमांकाचं, हे स्विच फोनला एलएलडीपी-मेड या पद्धतीने कळवतो. सिस्को कंपनीच्या स्विचवर तिची स्वतःची सीडीपी ही पद्धतही चालते. मग फोन आपल्या पॅकेटांवर (डेटाच्या तुकड्यांवर) त्या क्रमांकाची खूण लावतो. फोन उचलून दुसऱ्या टेबलावर नेला आणि तिथल्या पोर्टवर हे सेटिंगच नसलं, किंवा टेबलाखाली कुणी साधा पाच पोर्टचा स्विच लावला, की फोन कॉम्प्युटरच्या नेटवर्कात जाऊन बसतो.

हे ओळखायचं आयपी पत्त्यावरून, म्हणजे फोनला नेटवर्कवर मिळालेल्या क्रमांकावरून. डीएचसीपीशी, म्हणजे हे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरशी, चार संदेशांची देवाणघेवाण होते: फोन विचारतो, सर्व्हर पत्ता देऊ करतो, फोन तो मागतो, सर्व्हर पक्का करतो. फोनच्या मेनूत 'स्टेटस' किंवा 'नेटवर्क' उघडा. पत्ता ०.०.०.० असेल किंवा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर उत्तरच आलेलं नाही. पत्ता मिळालाय, पण तो कॉम्प्युटरच्या मालिकेतला आहे? मग व्हीलॅन चुकलाय. माणसं आणि यंत्रं वाढलेल्या ऑफिसात पत्ते संपलेलेही असू शकतात. तेव्हा जुने फोन चालतात आणि नवाच अडतो.

पत्त्यासोबत डीएचसीपी आणखी एक माहिती देतो: सेटिंगची फाइल कुठून घ्यायची. ती डीएचसीपीच्या पर्याय क्रमांक ६६ मधून येते, सिस्कोच्या फोनसाठी बहुधा १५० मधून. फोन ती फाइल टीएफटीपी किंवा एचटीटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने उतरवतो. फाइलचं नाव बहुधा फोनच्या मॅक पत्त्यावर (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा वेगळा क्रमांक) असतं, म्हणून बंद पडलेल्या फोनच्या जागी त्याच मॉडेलचा दुसरा ठेवला तरी एक्स्टेंशन (ऑफिसातला आतला नंबर) आपोआप येत नाही. मागच्या लेबलवरचा बारा अंक-अक्षरांचा मॅक पत्ता सर्व्हरवर नोंदवून घ्या.

शेवटी रजिस्ट्रेशन. फोन सिप सर्व्हरला (कॉल जुळवणाऱ्या सर्व्हरला) नोंदणीची विनंती पाठवतो, साधारणपणे ५०६० या पोर्टवर (हा पोर्ट म्हणजे खाच नव्हे, सर्व्हरवरचा क्रमांक), सुरक्षित जोडणी असेल तर ५०६१ वर. सर्व्हर आधी ४०१, म्हणजे 'ओळख पटव', म्हणतो, फोन पासवर्डवरून काढलेलं उत्तर देतो, मग २०० ओके येतं. लॉगमध्ये एकदा दिसलेल्या ४०१ ला घाबरायचं कारण नाही. तो पुन्हापुन्हा येत असेल किंवा ४०३ (नकार) दिसत असेल, तर युजरनेम आणि पासवर्ड तपासा. सुरक्षित जोडणीत घड्याळही पाहा. वेळ चुकलेली असली तर सर्टिफिकेट नाकारलं जातं, आणि फोनला वेळ एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरकडून मिळते.

रजिस्टर झालेल्या फोनवरून आधी ऑफिसातल्याच दुसऱ्या एक्स्टेंशनला कॉल लावा, मग बाहेर. आतला कॉल नीट लागतोय आणि बाहेरच्या कॉलमध्ये एकाच बाजूचा आवाज येतोय, तर राउटरमधलं 'सिप एएलजी' (सिपच्या पॅकेटांत फेरफार करणारं सेटिंग) बंद करून पुन्हा लावून पाहा.