सोशल प्रिस्क्रायबिंगचे सरकारी धोरण कसे आखावे आणि कसे राबवावे

पत्नीच्या निधनानंतर झोप उडालेले एक निवृत्त गृहस्थ वर्षात आठ-दहा वेळा डॉक्टरांकडे येतात. रक्ताच्या तपासण्या ठीक असतात, गोळ्या बदलून पाहिल्या जातात आणि तरीही ते पुन्हा येतात, कारण दिवसभरात त्यांच्याशी बोलणारे कोणी उरलेले नसते. अशा माणसाला औषधाच्या जोडीने एखाद्या गटाशी, सल्ला केंद्राशी किंवा उपक्रमाशी जोडून देण्याच्या संघटित व्यवस्थेला सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणतात. ती सरकारी पातळीवर उभी करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

मसुद्याला हात घालण्यापूर्वी एका गोष्टीची खात्री करून घ्यावी: चिठ्ठी देऊन माणसाला जिथे पाठवणार, ते ठिकाण अस्तित्वात आहे का आणि पुढच्या वर्षीही ते असेल का? धोरण आखणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते, असे माझे ठाम मत आहे. डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला शिकवणे सोपे असते आणि संगणकात नवा रकाना टाकणे त्याहून सोपे असते. पण आठवड्यातून एकदा भरणारा गायनाचा वर्ग, सामुदायिक बाग, कर्जात अडकलेल्यांना कागदपत्रे समजावून देणारे केंद्र किंवा शोकाकुल लोकांचा गट बहुधा दोन-चार स्वयंसेवकांच्या जिवावर चाललेला असतो. म्हणून प्रत्येक विभागात पाहणी करावी आणि ती फोनवरून उरकू नये. दाराशी पायऱ्या आहेत की उतार, व्हीलचेअर आत जाते का, परतीची शेवटची बस किती वाजता सुटते, शुल्क किती आहे, नव्या माणसाची विचारपूस कोण करते, हे प्रत्यक्ष जाऊनच कळते. शिवाय अशी यादी लवकर शिळी होते, त्यामुळे ती ताजी ठेवणाऱ्या माणसाचा पगार पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.

यानंतर येतो लिंक वर्कर, म्हणजे दवाखाना आणि समाज यांमधला दुवा. इंग्लंडमध्ये जानेवारी २०१९ च्या दीर्घकालीन आरोग्य आराखड्याने २०२०-२१ अखेरपर्यंत १,००० हून अधिक प्रशिक्षित लिंक वर्कर नेमण्याचे आणि २०२३-२४ पर्यंत ९ लाखांहून अधिक लोकांना या सेवेकडे पाठवता येईल अशी सोय करण्याचे उद्दिष्ट ठेवले. जुलै २०१९ पासून साधारण ३० ते ५० हजार लोकसंख्येसाठी एकत्र आलेल्या दवाखान्यांच्या समूहांना या नेमणुकांसाठी निधी मिळू लागला. या रचनेतली घेण्यासारखी गोष्ट अशी की नेमणुकीचा पैसा नेमका ठरला होता आणि पद दवाखान्याच्या रोजच्या कामाला जोडलेले होते. प्रत्येक लिंक वर्करकडे वर्षाला किती माणसे द्यायची याची कमाल मर्यादा मात्र धोरणातच लिहून ठेवावी. ती नसेल, तर हे काम पाहता पाहता पत्ते वाटण्यापुरते उरते.

मर्यादा का हवी, हे पहिली भेट जवळून पाहिली की लक्षात येते. वर सांगितलेल्या गृहस्थांना लिंक वर्कर पहिल्या भेटीत "तुम्हाला काय झाले आहे?" असे विचारत नाही, "तुम्हाला काय करायला आवडायचे?" असे विचारते. पाऊण तास इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर पूर्वी आपण लाकडी खुर्च्या दुरुस्त करायचो, असे ते सांगतात. दुरुस्तीचा गट जवळच भरतो, पण पत्ता लिहून दिला तर ते जाणार नाहीत, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. ठरलेल्या दिवशी ती त्यांना बसथांब्यावर भेटते, सोबत आत जाते, गट चालवणाऱ्या बाईंशी ओळख करून देते आणि त्यांच्या हातात पॉलिशपेपर आला की थोडे मागे सरकून बसते. पुढच्या आठवड्यात ती फोन करते, कारण दुसऱ्यांदा जाणे पहिल्यांदा जाण्याइतकेच अवघड असते. या सगळ्याला जे तास लागतात, ते कामाचे तास म्हणूनच मोजले जावेत, असा स्पष्ट उल्लेख सेवाशर्तींत करावा.

पैशाच्या वाटणीबाबत मी आग्रहाने सांगेन: लिंक वर्करच्या पगारावर खर्च होणाऱ्या प्रत्येक रकमेसोबत, ज्या गटांकडे माणसे पाठवली जातात त्यांच्यासाठीही वेगळी तरतूद हवी. ती किमान तीन वर्षांची असावी, अर्ज दोन पानांत बसणारा असावा आणि लहान गटांकडून मोठ्या संस्थांसारख्या हिशेबतपासणीची अपेक्षा ठेवू नये. दवाखान्यातून वाढीव माणसे येत राहिली आणि खोलीचे भाडे मात्र गटानेच भरायचे ठरले, तर सरकार स्वतःची जबाबदारी स्वयंसेवकांवर ढकलत असते.

हा विषय एकट्या आरोग्य खात्यात मावत नाही. गृहनिर्माण, वाहतूक, सांस्कृतिक कार्य, क्रीडा आणि पर्यावरण ही खाती पहिल्या बैठकीपासून हवीत. ब्रिटनने जानेवारी २०१८ मध्ये एकाकीपणाचा विषय एका मंत्र्याकडे सोपवला आणि जपानने फेब्रुवारी २०२१ मध्ये तसेच केले. इंग्लंडमध्ये निसर्गातील उपक्रमांकडे लोकांना पाठवण्याचा प्रयोग २०२१ पासून सात ठिकाणी झाला, तोही अनेक खात्यांच्या एकत्रित निधीतून. वेल्सने २०१५ च्या भावी पिढ्यांच्या कल्याणाच्या कायद्याने सार्वजनिक संस्थांवर कल्याणाची सात उद्दिष्टे बंधनकारक केली. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे सोशल प्रिस्क्रायबिंगची राष्ट्रीय चौकट आली, तिच्यात दवाखान्याबाहेरूनही माणूस या सेवेकडे येऊ शकतो. हे दार उघडे ठेवणे मला फार मोलाचे वाटते, कारण सर्वांत एकटी पडलेली माणसे पुष्कळदा डॉक्टरांपर्यंतही पोहोचत नाहीत.

मोजमापाची आखणी सुरुवातीलाच करावी. ब्रिटनचे सांख्यिकी कार्यालय २०११ पासून आयुष्याबद्दलचे समाधान, आपण करतो ते सार्थ असल्याची भावना, काल वाटलेला आनंद आणि काल वाटलेली चिंता असे चार प्रश्न शून्य ते दहाच्या मापावर विचारते. हे प्रश्न पहिल्या भेटीत आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारता येतात, परंतु तेवढ्यावर यशाचा दावा करू नये. माणूस मदतीसाठी येतो तो बहुधा सर्वांत वाईट काळात, त्यामुळे काही सुधारणा आपोआपही होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात तपासलेली बहुतेक मूल्यमापने लहान आणि सदोष आढळली, हेही मंत्र्यांना प्रामाणिकपणे सांगावे. योजना सगळीकडे एकदम सुरू करणे शक्य नसतेच. मग कोणत्या विभागात आधी आणि कोणत्यात नंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे तुलनेसाठी गट आपसूक मिळतो.

आणखी एक आकडा दर तिमाहीला मागवावा: चिठ्ठी मिळूनही जे एकदाही गटात पोहोचले नाहीत, असे किती? त्यांच्यापैकी काही जणांना, त्यांची संमती घेऊन, फोन करावा आणि काय आडवे आले ते विचारावे. बस, पैसे, भाषा, संकोच, घरी आजारी माणूस, अशी जी कारणे पुढे येतील, त्यांवरूनच पुढच्या अंदाजपत्रकाची पहिली मागणी लिहावी.