दळण होईपर्यंत कँडी क्रश: खेळावं कसं आणि फोन ठेवावा कधी

माझी पिठाची गिरणी आहे, कराडच्या बाजूला एका गावात. एका डब्याला पाच-दहा मिनिटं लागतात. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये कधी दोन मिनिटं मिळतात, कधी अर्धा तास, आणि लाइट गेली तर मग किती ते कुणी सांगू नये. एवढ्याशा तुकड्यांत वाचन होत नाही. मालिका लावली तर दगडाच्या घरघरीत एक शब्द ऐकू येत नाही. कँडी क्रश मात्र या फटीत बरोबर बसतो. शेजारच्या दोन रंगीत गोळ्यांची अदलाबदल करून एका रंगाच्या तीन किंवा जास्त ओळीत आणायच्या, की त्या फुटतात; ठरलेल्या चालींत सांगितलेलं काम झालं की लेव्हल सुटते. मुलीनं फोनमध्ये घालून दिला त्याला बरीच वर्षं झाली, आता चार हजारांच्या पुढच्या लेव्हलवर आहे.

गिरणीत येणाऱ्या बाया विचारतात, "ही लेव्हल सुटत नाही, तुम्ही कशी काढली?" आणि त्यांची पोरं हळूच विचारतात, "आईच्या हातातला फोन सुटत नाही, काय करू?" दोघांचं उत्तर एकदमच लिहिते.

आधी बघा, मग बोट लावा

लेव्हल उघडल्यावर लगेच बोट चालवू नका. पहिली चाल खेळायच्या आधी बाहेर पडलं तर लाइफ, म्हणजे हरल्यावर जाणारी खेळायची संधी, जात नाही. मांडणी बघायची, चार किंवा पाच जुळतील अशी जागा दिसत नसेल तर सरळ बाहेर यायचं आणि परत उघडायचं. बहुतेक वेळा गोळ्या नव्यानं पडलेल्या असतात. आणि थोडा वेळ हात लावला नाही की खेळ स्वतःच दोन-तीन गोळ्या हलवून दाखवतो. ती चाल चालते, पण चांगली असतेच असं नाही. शेजारीण स्वयंपाकघरात डोकावून "अगं, मीठ घाल" म्हणते, त्यातला तो सल्ला. ऐकायचा आणि सोडून द्यायचा.

तीन जुळवून लेव्हल सुटत नाही. तीन म्हणजे नुसतं पाखडणं. खरं काम चार आणि पाच करतात.

समजा आडव्या रांगेत लाल, लाल, मग निळी, मग परत लाल. आणि त्या निळीच्या डोक्यावर एक लाल. ती वरची लाल खाली ओढली की आडव्या चार लाल होतात आणि त्या जागी पट्ट्यांची एक गोळी तयार होते. आता नीट बघा: रांग आडवी होती, पण पट्ट्या उभ्या येतात. कारण पट्ट्या तुमचं बोट ज्या दिशेनं फिरलं त्या दिशेच्या असतात. उभ्या पट्ट्यांची गोळी फुटली की पूर्ण उभी ओळ साफ. म्हणजे तळाची आडवी रांग साफ करायची असेल तर उभ्या चार जुळवायच्या, बाजूनं ओढून. एवढं कळायला मला वर्ष गेलं. तोवर पट्ट्या नशिबानं येतात असंच धरून चालले होते.

इंग्रजी एल किंवा टीच्या आकारात पाच जुळल्या तर कागदात गुंडाळलेली गोळी मिळते, ती दोनदा फुटते. एका सरळ रेषेत पाच जुळल्या तर रंगीबेरंगी दाणे लावलेला चॉकलेटचा गोळा. या गोळ्याची घाई करायची नाही. साध्या लाल गोळीला लावला तर पाटावरच्या सगळ्या लाल जातात, ठीक आहे. पण पट्ट्यांच्या लाल गोळीला लावला तर सगळ्या लाल गोळ्यांना पट्ट्या येतात आणि एकामागून एक फुटत जातात. शेजारी पट्ट्यांची गोळी यायची असेल तर दोन-तीन चाली थांबलेलं परवडतं.

काही लेव्हलींत पाटावर चॉकलेटचे तपकिरी चौकोन असतात, वरचा गोळा वेगळा. हे चॉकलेट दिसलं तर पहिलं त्याच्याकडं. ज्या चालीत तुम्ही एकही चॉकलेट फोडत नाही, त्या चालीत ते शेजारची एक गोळी खातं. गव्हातल्या पोरकिड्यासारखं आहे, आज दोन दिसले म्हणून झाकण लावून ठेवलं की महिन्यानं डबा त्यांचा.

बाकी लक्षात ठेवायचं ते थोडकंच. खालून खेळलं की वरचं सगळं ढासळतं आणि आपोआप काहीबाही जुळतं. वरून खेळलं की मांडणी हलत नाही. सुरुवातीला खालून खेळावं. शेवटच्या चार-पाच चालींत, एखादी नेमकी जोडी हवी असेल तेव्हा, तिच्याखाली हात घालू नये.

आपल्या हातात किती

हा प्रकार कँडी क्रशनं काढलेला नाही. 1994 साली रशियात येव्गेनी अलेमझिन यांनी 'शारिकी' म्हणून संगणकावर असाच खेळ केला होता. 2001 साली 'बिजवेल्ड' आला, हिऱ्या-माणकांचा. कँडी क्रश 2012 चा, आधी फेसबुकवर आणि मग फोनवर.

भाचा कॉम्प्युटर शिकलाय. तो म्हणाला, मावशी, ऑस्ट्रेलियातले टोबी वॉल्श म्हणून एक प्राध्यापक आहेत, त्यांनी 2014 मध्ये गणितानं दाखवलंय की पाट हवा तेवढा मोठा धरला तर हे कोडं भल्याभल्या कॉम्प्युटरलाही जड जाणाऱ्या कोड्यांतलं आहे. मला बरं वाटलं. पण त्याच वेळी हेही ध्यानात घ्या की वरून काय पडणार ते आपल्याला दिसत नाही. आपण एक हलवतो आणि सात फुटतात, त्यातली अक्कल एकीपुरती. सातही आपणच फोडल्या असं वाटतं, ती या खेळाची खरी गोडी. दुसऱ्या कुठल्या कामात एवढ्या कमी कष्टात एवढं आवरून होतं? पसारा साफ झालेला बघायला कुणाला आवडत नाही? मी दिवसभर पीठ झाडते आणि दिवसभर ते परत बसतं.

म्हणून कौशल्याला मर्यादा आहे हे मान्य करून खेळायचं. बुद्धिबळात वर्षभरानं माणूस सुधारतो. इथं कुणी नीट सांगितलं तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत शिकायचं ते शिकून होतं. पुढं फक्त लेव्हलचा आकडा वाढतो.

आवाज बंद ठेवा

गिरणीत मी खेळाचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. एकदा रात्री घरी, सगळे झोपल्यावर खेळायला बसले आणि फोनमधून एक जाडा पुरुषी आवाज म्हणाला, "स्वीट!" मग "डिव्हाइन!" मी दचकले. आणि मग त्या रात्री एक वाजेपर्यंत खेळले. पस्तीस वर्षं भाकरी थापतेय, घरात असं कुणी म्हणालं नाही. तेव्हापासून आवाज बंद आणि घरी खेळ बंद.

पाच लाइफ म्हणजे माप

पाच लाइफ असतात. एक गेली की ती भरायला तीस मिनिटं, पाचही गेल्या तर अडीच तास. पुष्कळ जण याला खेळाची खोड म्हणतात. मी म्हणते, अख्ख्या खेळात तुमच्या बाजूची ही एकच गोष्ट आहे. पायलीनं माप घालावं तसं धरा. लाइफ संपल्या, फोन फळीवर. मैत्रिणींकडं लाइफ मागू नका, विकत तर मुळीच घेऊ नका.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे एक गोळी राहिली आणि चाली संपल्या ती. तिथंच पडद्यावर येतं, पाच चाली आणखी हव्यात का? कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये हेच तपासलं होतं. थोडक्यात हुकलं की माणूस जास्त चिडतो आणि पुन्हा खेळायची ओढही वाढते, असं त्यांना आढळलं. म्हणून माझा नियम: पुष्कळ बाकी राहून हरले तर परत खेळते, एका गोळीनं हरले तर फोन ठेवते. उलटा वाटतो, पण करून बघा.

हा नियम मी फुकट शिकले नाही. आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. वरच्या आळीतल्या काकू उपवासाची भाजणी घेऊन आल्या, साबुदाणा, वरई, राजगिरा. दगडावर नुकताच गहू झाला होता. अशा वेळी दगड झाडायचा, पिशवी झटकायची, मूठभर वरई घालून ते पहिलं पीठ टाकून द्यायचं, मग भाजणी घालायची. माझी एक गोळी राहिली होती आणि दोन चाली. डोळे फोनवर, आणि हातानं भाजणी तशीच ओतली. लेव्हल सुटली. मान वर केली तर पांढऱ्या पिठात गव्हाचा कोंडा, बारीक तांबूस ठिपके. काकूंना ते दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं.

सांगितलं. काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या डब्याकडं बघत राहिल्या. दुकान बंद व्हायच्या आत जाऊन माझ्या पैशानं सगळं सामान आणलं, भाजलं, दगड झाडला आणि रात्री नऊला दळून त्यांच्या घरी पोचवलं. तेव्हापासून दगड फिरत असताना फोन हातात नाही. तुमची गिरणी नसेल, पण गॅसवर दूध असेल, रांगणारं पोर असेल, स्टेअरिंग असेल.

फोनमधल्या तीन गोष्टी आजच करा

प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीआधी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा विचारायची सोय आहे, ती चालू करा. नातवंडांच्या हातात फोन जात असेल तर आधी हेच. दुसरं, खेळाची नोटिफिकेशन बंद, नाहीतर 'लाइफ भरल्या' म्हणून तो हाका मारत राहतो. तिसरं, अँड्रॉइडमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, तिथं या एका ॲपला रोजची वेळ बांधून देता येते. मी चाळीस मिनिटं ठेवलीत. वेळ संपली की चित्र करडं पडतं ते मध्यरात्रीपर्यंत. डेटा बंद करूनही लेव्हल खेळता येतात, जाहिरातींचा त्रास तेवढा कमी.

आणि जाहिरातीत खिळा ओढून माणसाला वाचवायचं दाखवतात, ते बघून दुसरा खेळ उतरवू नका. आत बहुतेक तीन जुळवायचंच असतं. 2020 मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकांनी 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स' या खेळांच्या अशा जाहिरातींवर याच कारणानं बंदी घातली होती.

अंगठ्यानं खेळू नका. 2015 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एकोणतीस वर्षांच्या एका माणसाची केस छापली होती. सहा-आठ आठवडे तो दिवसभर असाच एक खेळ डाव्या हातानं खेळत होता, आणि अंगठ्याचा स्नायुबंध तुटला. खेळाच्या नादात दुखणं कमी जाणवत असावं, असं डॉक्टरांनी म्हटलं होतं, हे मला जास्त भीतीदायक वाटलं. फोन मांडीवर किंवा फळीवर सपाट ठेवायचा आणि तर्जनीनं खेळायचं. हात पिठाचे, पाण्याचे असतील तर फोन पातळ पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, वरूनही बोट चालतं.

त्या काकू अजून माझ्याकडंच येतात. भाजणी असली की डबा नंतर, आधी हात पुढं: "फोन दे इकडं." मी देते. परवा दळण करून परत घेतला तर दोन लाइफ गेलेल्या.

"हे चॉकलेट वाढतंय कशानं गं?" काकू म्हणाल्या.