मन खचलेलं असताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक आधी घेतो: आडून आडून मदत मागणं. माझ्या एका मैत्रिणीने फार वाईट रात्री मावसबहिणीला मेसेज टाकला, 'काय करतेयस?' उत्तर आलं, 'आवराआवर चाललीय गं, तू?' हिने लिहिलं, 'काही नाही, सहजच', वर एक हसरा इमोजी. मग कित्येक महिने ही बहिणीवर रुसून! 'मी हाक मारली, कुणी आलं नाही,' म्हणत तिने तोच मेसेज मला पुरावा म्हणून दाखवला. अहो, त्यात हाक होती कुठे? उरलीसुरली शंकाही त्या इमोजीने मिटवून टाकली.

मी लोकांकडून बऱ्या दिवशीच मेसेज लिहून घेतो: 'मला फार जड जातंय. आज अर्धा तास फोनवर बोलशील? सल्ला नको, नुसतं ऐक.' वाईट दिवशी शब्द सुचत नाहीत, तेव्हा हाच पाठवायचा. एकाने फोन उचलला नाही तर तो झोपला असेल. पुढचा नंबर लावा.

दुसरी चूक उतावळ्यांची. डिप्रेशनची गोळी आठ दिवस घ्यायची आणि 'काही फरक नाही' म्हणून बंद. या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मळमळ, झोपेची गडबड मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होऊ शकते. म्हणजे त्रास भोगायचा आणि गुण यायच्या आत उठून जायचं! बरं वाटलं की परस्पर सोडणारे तर मला अजिबात झेपत नाहीत. एकदम बंद केल्याने चक्कर, चिडचिड होऊ शकते. सोडायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

झोपेसाठी दारू नको: डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. उदासी आणि थकवा दोन आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, थायरॉइडही तपासून घ्या. सोमवारपासून पहाटे उठणं, ध्यान, डायरी, धावणं असले बेत मंगळवारी मोडतात. आंघोळ करा, दोन घास खा, तेवढं पुष्कळ.

जीव द्यायचे विचार येत असतील तर मेसेजची भाषा घोळवत बसू नका. 'मला एकटं सोडू नकोस' एवढंच सांगा आणि हॉस्पिटल गाठा. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास. आणि समोरच्याबद्दल शंका आली तर सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही.