सुलतान सुलेमानच्या कबरीकडे जाण्याआधी त्याच्या मुलांना भेटा

मी इस्तंबूलला राहते. पुण्याहून पाहुणे आले की पहिल्याच दिवशी विचारतात, "सुलेमानची कबर कुठे आहे गं?" मी त्यांना तिथे लगेच नेत नाही. बेलग्रेड 1521, ऱ्होड्स 1522, मोहाच 1526 ही विजयांची यादी कुठेही वाचायला मिळते. पण ऑटोमन साम्राज्यावर 46 वर्षं राज्य केलेला हा माणूस बाप म्हणून कसा होता, ते मुलांच्या कबरी फिरल्याशिवाय उमगत नाही. त्यासाठी दोन दिवस काढा.

पहिला दिवस बुर्साचा. बोटीने मुदान्याला उतरायचं, पुढे बस. मुरादियेच्या बागेत शहजादा मुस्तफाची कबर आहे. मुस्तफा थोरला, सैनिकांचा लाडका. 1553 मध्ये एरेग्लीजवळच्या छावणीत बापाने भेटीला बोलावलं आणि तंबूतच त्याचा गळा आवळला गेला. वय 38. आत इझनिकच्या निळ्या फरशा आहेत, त्या बघाच. पण शेजारची कबर चुकवू नका. ती त्याच्या आईची, माहीदेवरानची. मुलगा गेल्यावर ती जवळजवळ 28 वर्षं जगली. माझी आत्या इथे बराच वेळ काही न बोलता उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयासोफियाच्या आवारात जा. कबरींचं दार मशिदीच्या दारापेक्षा वेगळं आहे. इथे सेलिम, म्हणजे ज्याला अखेर गादी मिळाली तो. दाराच्या डावीकडचा फरशांचा पट्टा नीट पाहा: तो नकली आहे, मूळ पट्टा पॅरिसच्या लूव्रमध्ये गेला. मग आत या आणि लहान लहान शवपेट्या शोधा. 1574 मध्ये सेलिमचा मुलगा मुराद गादीवर बसला, तेव्हा त्याने आपल्या पाच भावांना मारलं. ती पोरं इथेच बापाजवळ आहेत. सेलिमचा सख्खा भाऊ बायझीद इथे सापडणार नाही. तो बापाशी बिनसल्यावर इराणला पळाला होता, 1561 मध्ये तिथेच मुलांसकट मारला गेला.

मग व्हेझनेजिलेर मेट्रो स्टेशनवर उतरा आणि चालत शहजादे मशिदीकडे या. शहजादा मेहमेद 1543 मध्ये आजारपणात गेला. त्याच्यासाठी बापाने वास्तुकार मिमार सिनानकडून ही मशीद बांधून घेतली. कबरीची खोली बंद असली तर राखणदाराला विनंती करा. मेहमेदच्या शवपेटीवर लाकडी जाळीचं चौपायी सिंहासन उभारलेलं आहे. जिवंतपणी जे द्यायचं राहिलं, ते बापाने असं दिलं, असंच मला प्रत्येक वेळी वाटतं. शेजारी धाकटा जिहांगिर. मुस्तफाला मारलं त्याच वर्षी, काही आठवड्यांतच, तोही गेला.

इथून सुलेमानिये मशीद दहा-पंधरा मिनिटांवर आहे. चढ आहे, घाई करू नका. मशिदीसमोरच्या ओळीत पांढऱ्या राजम्याचा रस्सा आणि भात मिळतो, आपल्या माणसांना तो हमखास आवडतो. शुक्रवारची दुपार टाळा. बायकांनी ओढणी जवळ ठेवा, चपला काढून हातात घ्या. 1557 ला पुरी झालेली ही मशीद आतून शांतपणे बघा, आणि मग मागच्या कबरस्तानात या.

आधी सुलेमानच्या बायकोची, हुर्रेमची कबर लागते. ती 1558 मध्ये गेली. पुढची मोठी, अष्टकोनी इमारत सुलेमानची. 1566 मध्ये हंगेरीत, सिगेतवारच्या वेढ्यात तो वारला. सेलिम येऊन पोचेपर्यंत वजीर सोकोल्लूने ती बातमी जवळजवळ दीड महिना सैन्यापासून लपवून ठेवली.

आत गेल्यावर आधी डोळे अंधाराला सरावू द्या. मोठ्या पांढऱ्या पगडीची शवपेटी त्याची. मग आजूबाजूच्या पेट्या बघा. नंतरच्या काळातले दोन सुलतान इथे आहेत, घरातल्या काही बायका आहेत. आणि त्याच्या जवळ त्याची मुलगी, मिहरिमाह. मुलगा एकही नाही.