१:२४ ट्रक मॉडेल: डे कॅबची स्लीपर कॅब कशी करावी

विंडशील्डचे खांब, दारं आणि पुढचा चेहरा हे किटच्या कॅबमधले दुहेरी वळणाचे भाग. सपाट शीटमधून ते हुबेहूब काढणं फार अवघड असतं, आणि साच्यातून आलेला भाग समोर असताना त्याची गरजही नसते. दारामागच्या बाजू, मागची भिंत आणि छप्पर मात्र सपाट किंवा एकाच दिशेने वळलेले असतात. म्हणून चेहरा किटचा ठेवायचा आणि दारामागचं सगळं स्वतः बांधायचं. इथे १:२४ मधली कॅबओव्हर (इंजिनाच्या वर बसलेली) डे कॅब, म्हणजे मागे झोपायची जागा नसलेली कॅब, घेऊन ती मागे खऱ्या मापाने ६०० मिमी वाढवायची आणि वर उंच छप्पर चढवायचं, असं उदाहरण धरलं आहे.

आधी हिशोब, मग करवत

६०० भागिले २४ म्हणजे २५ मिमी. किट १:२५ असेल तर २४ मिमी. हा फरक किरकोळ वाटतो, पण एका मापाची कॅब दुसऱ्या मापाच्या चासीवर बसवताना तो त्रास देतो: अडीच मीटर रुंदी १:२४ मध्ये १०४ मिमी येते आणि १:२५ मध्ये १००. मग पायऱ्या आणि मडगार्ड कॅबच्या रेषेत बसत नाहीत.

कॅब मागे सरकली की ट्रेलरची जागा कमी होते, आणि नेमकं हेच तपासायचं राहून जातं. युरोपीय सेमीट्रेलरमध्ये किंगपिनपासून (ट्रेलरखालची जोडणीची खीळ) ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत जास्तीत जास्त २०४० मिमी अंतर असतं, म्हणजे मॉडेलवर ८५ मिमी. फिफ्थ व्हीलच्या (किंगपिन जिच्यात अडकते ती ट्रकवरची तबकडी) मध्यावर कैवाराचं टोक ठेवून कागदावर ८५ मिमी त्रिज्येचा कंस काढा. कॅबची नवी मागची भिंत, तिच्यावरचे एअर होस आणि एक्झॉस्टसुद्धा, या कंसाबाहेर किमान ५ मिमी राहिली पाहिजे. जागा पुरत नसेल तर फिफ्थ व्हील थोडं मागे घेता येतं, पण मागच्या ॲक्सलच्या मध्यापलीकडे नाही. तिथे गेलं तर खऱ्या ट्रकच्या पुढच्या चाकांवरचा भार कमी होईल, आणि जाणकाराला मॉडेलमधली ही चूक लगेच दिसते. अशा वेळी चासीच लांब करावी.

कापणं

कापाची रेघ दाराच्या मागच्या फटीपासून ३ ते ४ मिमी मागे घ्या. अगदी फटीवर कापलं तर दाराची कड तुटते आणि जोडपट्टी लावायला आधार उरत नाही. जाड लेबल टेप कॅबभोवती गुंडाळून टोकाला टोक जुळतं का पाहा. जुळलं तर रेघ काटकोनात आहे. टेपच्या कडेने ब्लेडच्या पाठीने सात-आठ हलके हात फिरवून खाच करा आणि मग बारीक दातांची रेझर सॉ चालवा. पहिल्याच हाताला जोर दिला तर पातं टेपवर चढतं आणि दारावर ओरखडा येतो. चारही बाजू थोड्या थोड्या कापत जायचं. एक बाजू आरपार गेली की कॅब लवचिक होते आणि पुढचा काप तिरका जातो.

कापल्यावर कॅबचं उघडं तोंड कार्डावर ठेवून बाहेरची रेघ काढून घ्या. बहुतेक कॅबच्या बाजू वर जाताना आत झुकलेल्या असतात, त्यामुळे कंबरेची रुंदी आणि छपराची रुंदी वेगळी भरते. वाढीव भाग आयताकृती पेटीसारखा केला तर छपराशी दोन्हीकडे पायरी पडते, आणि ती पुट्टीने लपत नाही.

वाढीव भाग

त्या आराखड्यावरून १ मिमी स्टायरीनच्या (प्लास्टिक शीटच्या) दोन आडभिंती कापा: मागची भरीव, पुढची ६ मिमी रुंद चौकटीसारखी. आराखडा बाहेरच्या कडेचा आहे, म्हणून बाजूच्या शीटची जाडी दोन्हीकडून वजा करायची. शीट १ मिमीची असेल तर आडभिंत २ मिमीने अरुंद. शीट आरपार कापू नका. सुरीचे दोन-तीन हात देऊन खाच पाडा आणि वाकवून तोडा. कड सरळ येते, फक्त वर आलेली बारीक किनार कानशीने काढावी लागते.

दोन्ही आडभिंती गुण्याला टेकवून उभ्या करा आणि खालच्या कोपऱ्यांत २ मिमी चौकोनी पट्ट्या लावा. आधी सांगाडा सुकू द्यायचा, मगच बाजू चढवायच्या. सांगाडा अर्धा अंश जरी फिरला तरी कॅबचं मागचं टोक एका बाजूला झुकलेलं दिसतं, आणि चासीवर बसवल्यावर ते सुधारता येत नाही.

चिकटवायला पातळ सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद. भाग एकत्र धरून ब्रशचं टोक जोडाला लावलं की ते स्वतःच आत ओढलं जातं. दोन शीट एकमेकांवर पूर्ण पसरून चिकटवायच्या असतील तर मात्र जपून. आत अडकलेलं सॉल्व्हंट बाहेर पडायला जागा नसते, ते आठवडे न् आठवडे प्लास्टिक मऊ ठेवतं आणि रंग झाल्यावर पृष्ठभाग खचतो. आतल्या शीटला दर १० मिमीवर १ मिमीची भोकं पाडा, आणि एक रात्र वजनाखाली ठेवा. खोलीत हवा खेळती हवीच.

किटच्या कॅबशी जोडताना आतून ०.५ मिमी जाड, ८ मिमी रुंद पट्टी लावा, निम्मी कॅबवर आणि निम्मी नव्या भागावर. बाहेरचा पृष्ठभाग सपाट आला पाहिजे. आतली जाडी कमीजास्त असली तरी अंतर्भागाखाली झाकली जाते.

छप्पर

व्हॅक्यूम फॉर्मिंगने छप्पर छान होतं, पण त्याला साचा आणि यंत्र लागतं, शिवाय कोपऱ्यांत शीट पातळ होते. एकाच कॅबसाठी बरगड्यांचा मार्ग बरा. १ मिमी शीटच्या सारख्या आकाराच्या बरगड्या एकत्र बांधून एकदम घासा, म्हणजे सगळ्यांची गोलाई एक येते. त्या १२ ते १५ मिमी अंतराने उभ्या करा. अंतर जास्त ठेवलं तर वरचं आवरण मध्ये बसतं आणि चमकदार रंगाखाली बरगड्या मोजता येतात.

आवरणाला ०.५ मिमी शीट पुरते. ती हव्या गोलाईपेक्षा थोड्या लहान नळीवर टेपने बांधून उकळून किंचित निवलेल्या पाण्यात अर्धा मिनिट धरा, मग थंड पाण्यात. शीट सोडल्यावर थोडी उलगडते, म्हणूनच नळी लहान घ्यायची. पुढच्या दोन कोपऱ्यांत वळण दोन्ही दिशांनी असतं. तिथे शीट ओढूनताणून बसवू नका. १.५ मिमी तुकड्यांचे थर चिकटवून ठोकळा करा, दोन दिवस पूर्ण सुकू द्या आणि कानशीने गोल करा. छप्पर बंद पेटी झालं तर खालून ३ मिमीचं भोक ठेवा, नाहीतर सॉल्व्हंटची वाफ आतच कोंडते.

जोड बुजवणं

ट्यूबमधली सॉल्व्हंटवाली पुट्टी सुकताना आकसते. ती फक्त ओरखड्यांसाठी. खोल जोडाला दोन भागांची पॉलिएस्टर पुट्टी किंवा सायनो (झटपट चिकटणाऱ्या) गोंदात टाल्कम पावडर. सायनो त्याच तासात घासून घ्या. दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकपेक्षा कठीण होतो, आणि पॉलिश पेपर त्याच्याऐवजी बाजूचं स्टायरीन खातो. पेपर ४०० पासून १००० पर्यंत, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून आणि ओला. नुसत्या बोटाने घासलं तर जोडावर खळगा पडतो.

मग राखाडी प्रायमर. एकाच फवाऱ्यात जोड नाहीसा होईल अशी अपेक्षा नको. प्रायमर, घासणं, पुन्हा प्रायमर असं दोन-तीनदा चालतं. पॅनेलच्या रेघा यानंतरच कोरा. खरी फट ५ मिमीच्या आसपास, म्हणजे इथे ०.२ मिमी, त्याहून रुंद रेघ कॅबला खेळण्यासारखी करते. छपराच्या कडेची पन्हळ ०.५ मिमी अर्धगोल पट्टीची.

खिडक्या आणि बिजागरी

स्लीपरची बाजूची खिडकी कापताना आधी चार कोपऱ्यांत गोलाईच्या मापाची भोकं पाडा, मग भोकापासून भोकापर्यंत कापा. काचेला ०.२५ मिमी पारदर्शक शीट, रंगानंतर बसवायची, आणि गोंद पांढरा पीव्हीए. सायनोच्या वाफेने काच धुरकट होते आणि ती पुसून जात नाही.

कॅब पुढे झुकणारी हवी असेल तर पुढच्या खालच्या टोकाशी २ मिमी पितळी नळी आणि तिच्यात बसणारी तार लावा. बिजागरीच्या वरचं सगळं पुढे जातं, पण तिच्याखाली असलेली कॅबची कड मागे फिरून रेडिएटरवर आपटते. म्हणून बिजागरी शक्य तितकी खाली घ्या आणि बंपर चासीला जोडा, कॅबला नाही. वाढलेली कॅब मागे जड झालेली असते, तेव्हा बंद असताना तिचा भार तारेवर येऊ नये यासाठी मागच्या भिंतीखाली चासीवर दोन टेकू द्या. त्यांची उंची कॅबचा खालचा काठ चासीला समांतर दिसेपर्यंत ०.२५ मिमीचे तुकडे टाकून जुळवा.